कापलेला जॉइंट

२००२ सालच्या मे महिन्यात वंदना भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याच्या टेलिकॉम विभागात ज्युनिअर इंजिनिअर होती. कारखान्याच्या वसाहतीतलं हॉस्पिटल आणि किलोमीटरभरावरचं टेलिफोन एक्स्चेंज, दोन्हीकडे तिनं एकेक कन्व्हर्टर बसवला होता. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, पण तिच्यामुळं हॉस्पिटलातले कॉम्प्युटर टेलिफोनच्या तांब्याच्या केबलवरून कारखान्याच्या नेटवर्कला जोडले गेले होते.

एका सोमवारी ती लिंक दर पाच मिनिटांनी तुटायला लागली. कॉम्प्युटरवर पेशंटचं कार्ड उघडेना, म्हणून औषधांच्या खिडकीसमोर रिटायर्ड कामगारांची रांग बाहेर उन्हापर्यंत गेली.

"केबल में ही गड़बड़ है," वंदनाचे वरिष्ठ सक्सेना साहेब म्हणाले. "यशवंतराव को बुलाओ."

यशवंतराव केबल जॉइंटर, जमिनीखालच्या केबलचे तुकडे जोडणारे. मूळचे ग्वाल्हेरचे, रिटायर व्हायला चार महिने उरलेले. त्या केबलचे तिन्ही जॉइंट त्यांच्या हातचे होते.

"साहब, मेरे जॉइंट में कुछ नहीं निकलेगा," ते म्हणाले. तरी खड्डे खणले गेले. त्यांनी पहिला जॉइंट कापून उघडला. आत तांबं नव्यासारखं लखलखत होतं. पुन्हा जोडला. लिंक तुटतच राहिली. मंगळवारी दुसरा कापला.

बुधवारी दुपारी ते तिसऱ्या खड्ड्यात असताना वंदनानं एक्स्चेंजमधली पेटी धूळ झटकायला खाली काढली आणि मागची बाजू वळवून बघितली. पेटीच्या मागं तारेचा प्रकार ठरवणारा लहानसा स्विच असतो. शनिवारी तिनं ती पेटी टेबलावर नेऊन टीव्हीच्या केबलसारख्या जाड कोएक्स वायरनं तपासली होती, त्यासाठी स्विच बदलला होता, आणि घाईत तसाच ठेवून पेटी परत लावली होती. दोष केबलमध्ये नव्हताच.

तिनं नखानं स्विच सरकवला. तासाभरानं तिकडे तिसरा जॉइंट बंद झाला, तसा लिंक तुटल्याचा लाल दिवा गेला तो परत आला नाही.

लगेच सक्सेना साहेबांचा फोन आला. "तीसरा जॉइंट था. यशवंतराव ने अभी बंद किया और लिंक ठीक. देखा?"

"जी सर," वंदना म्हणाली. एवढंच.

शुक्रवारी यशवंतरावांना निष्काळजीपणाचा मेमो मिळाला. त्यांनी सही केली आणि वर अर्ज दिला, मला जॉइंटिंगवरून काढून स्टोअरमध्ये बसवा.

वंदना रोज त्या स्टोअरवरून जायची. ते रजिस्टरवर मान घालून बसलेले दिसले की ती भराभर पावलं उचलायची. सांगायचं आज, उद्या, असं करत जून उजाडला. मग बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात लीलावतीकाकू, यशवंतरावांच्या पत्नी, भेटल्या.

"मिक्सरची वायर तुटली गं," दोडके निवडता निवडता त्या म्हणाल्या, "तर ह्यांनी शेजारच्या मुलीला बोलावून प्लग लावून घेतला. म्हणाले, माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही."

वंदनानं भाजी तिथंच ठेवली आणि त्यांच्याबरोबर क्वार्टरवर गेली.

"काका, जॉइंट चांगले होते. चूक माझी होती." उभ्याउभ्याच तिनं सगळं सांगितलं.

यशवंतरावांनी विचारलं, "कधी कळलं तुला?"

"त्याच दिवशी. तुम्ही खड्ड्यात होता तेव्हा."

"तिसरा जॉइंट मी शहाऐंशी साली केला होता," ते म्हणाले. "मुसळधार पावसात, वर ताडपत्री धरून. सोळा वर्षं त्यात पाण्याचा थेंब गेला नाही. तो मी माझ्या हातानं कापला, आणि आत काही दिसलं नाही तेव्हा म्हटलं, आता मला दिसतच नसेल."

वंदना रडायला लागली. काकूंनी पाणी दिलं नाही.

"मला सांगून काय होणार?" ते म्हणाले. "जिथं सही घेतली, तिथं सांग."

सोमवारी तिनं लेखी दिलं. "फाइल बंद हो चुकी है, क्यों अपना करियर ख़राब करती हो?" सक्सेना साहेबांनी विचारलं. तिनं कागद मागं घेतला नाही. मेमो रद्द झाला आणि तिच्या नोकरीत कायम होण्याचा आदेश सहा महिने लांबला. शिक्षा मिळाली तेव्हा तिला वाटलं होतं, आता छातीवरचं ओझं उतरेल.

ऑगस्टमध्ये रस्त्याच्या कामात केबल खरोखर तुटली. यशवंतराव स्वतःहून खड्ड्यात उतरले. वंदना वर मीटर घेऊन बसली. ते तारांची एक जोडी जोडायचे, तिला तपासायला सांगायचे.

"ठीक आहे, काका."

"पुन्हा बघ."

ती पुन्हा बघायची. ठीकच असायचं. तरीही ते चष्मा पुसायचे, ती जोडी बोटांत धरून उजेडाकडे करायचे आणि म्हणायचे, "अजून एकदा." शंभर जोड्या होत्या. तिनं प्रत्येक तीनदा तपासली, आणि एकदाही मान वर करून त्यांच्याकडे बघायचा तिला धीर झाला नाही.