लाल ठिपका

मला टीबी झाल्याचं कळलं त्याच दिवशी आईने माझ्या ताट-वाटी-पेल्याच्या कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. ती भांडी मी वेगळी घासायची आणि मोरीजवळ पालथी घालायची. दीपनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये चार महिने हे चाललं.

मी जळगावला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. हायड्रोजन धातूच्या अणूंना कसा चिकटतो, हाच माझा प्रोजेक्ट.

"धातूला काय चिकटतं ते मला विचार," मी आईला म्हटलं. "टीबी हवेतून पसरतो, ताटातून नाही. त्यात माझी थुंकीची तपासणीही आता साफ आलीय. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं ना?"

"शिकवू नको मला. रविवारी यावलचे पाहुणे तुझ्या प्रशीलदादाच्या लग्नासाठी आपलं घर बघायला येताहेत. तू आतल्या खोलीतून बाहेर यायचं नाही."

रविवारी सकाळी आई दूध आणायला गेली. मी तीच नेलपॉलिशची बाटली उघडली, घरातल्या प्रत्येक ताटाला, वाटीला, पेल्याला ठिपका लावला आणि माझी भांडी त्यांत मिसळून टाकली.

पाहुणे येऊन बसले. पाणी द्यायला आईने पेले काढले आणि तिचा हात थांबला.

"प्राची, यातला तुझा कोणता?" ती कुजबुजली.

"तूच सांग."

तिने एकेक पेला उजेडात धरून पाहिला.

"नाही ना ओळखता येत? मग इतके दिवस काय चिकटलं होतं त्याला?"

मी पेले भरले, ट्रे उचलला आणि बाहेर पाहुण्यांसमोर गेले.