कंदीलवाल्याचं हसू

या, असे जवळ या. मागच्यांनी पुढे सरका, दाराशी उभे आहात ते आत या. ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. एका माणसाच्या चेहऱ्याची आहे. ऐकताना मन जड होईल, पण अर्ध्यात उठू नका. देवाने कान दिले ते काही फक्त गोड ऐकायला नाहीत.

मी पोस्टर छापणारा. माडीवर मास्तर चित्र काढायचे, खाली मी छापायचो. चौकटीत ताणलेली बारीक जाळी, तिच्यावर शाई ओतायची आणि रबराची पट्टी दोन्ही हातांनी ओढायची. खालच्या कागदावर एक रंग उतरतो. आधी पिवळा, तो वाळला की तांबडा, मग निळा. काळा सगळ्यात शेवटी. तो ओढेपर्यंत कागदावर नुसते डाग असतात. काळा बसला की माणूस उभा राहतो.

मास्तर जुन्या, पडलेल्या सिनेमांची पोस्टरं काढायचे. लागले तेव्हा आठवडाभर न चाललेले हे सिनेमे पुढे कुणी वेड्या मंडळींनी उकरून काढले आणि असे डोक्यावर घेतले की एकेक वाक्य पाठ! त्यांना नायक-नायिकेचं कौतुक नसतं. त्यांचा जीव कोपऱ्यातल्या माणसावर.

असाच एक कंदीलवाला. खाणीवरचा राखणदार. अख्ख्या सिनेमात अकरा मिनिटं दिसतो. वाट चुकलेल्याला म्हणतो, "चला, सोडतो तुम्हाला," आणि त्याला घेऊन खाणीत उतरतो. वर येतो तेव्हा एकटाच असतो.

पोस्टरसाठी मास्तरांच्या हाती लागला होता एकच फोटो, काडेपेटीएवढा, त्यातही तोंड अंधारात. मग चेहरा त्यांनी मनानेच रचला. डावा ओठ खाली ओघळलेला, डावी पापणी अर्धी मिटलेली, खालून कंदिलाचा उजेड. मी काळा ओढला, कागद उचलला आणि माझ्याच अंगावर काटा आला.

"मास्तर, हा जिन्यात भेटला तर हो?"

"जिना बदल," मास्तर म्हणाले.

पोस्टर असं गाजलं की सिनेमा न पाहिलेल्यांनाही तो ओठ ओळखू यायला लागला. सदऱ्यांवर, दुकानांच्या काचांवर, कॉलेजच्या भिंतींवर, जिकडेतिकडे कंदीलवाला.

एक दिवस कंदीलवाल्याचं काम केलेला खुद्द नट छापखान्यात आला. गोल चेहऱ्याचा, बुटका, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस. जन्मात तेवढंच एक काम केलं होतं सिनेमात. पोस्टरसमोर उभा राहिला आणि पोट धरून हसायला लागला.

"मास्तर, हा कोण काढलात? आमच्या सासऱ्यांवर गेलाय!"

मग म्हणाला, "लोक फोटो काढायला येतात आणि म्हणतात, तसा ओठ करा. माझा कुठला होतोय? मिशी खाजवल्यासारखं करून बोटाने ओढून धरतो."

मी हसलो. मास्तरही हसले, पण वर न बघता. हातात दुसरं चित्र होतं. ज्याचा चेहरा भिंतीभिंतीवर लावला तो माणूस तासभर समोर बसला होता, आणि त्यांनी त्याच्याकडे एकदाही धड पाहिलं नाही. मी तरी कुठं पाहिलं?

तीन वर्षं गेली. एका सकाळी त्या नटाची लेक आली. पायरीवरच उभी राहिली.

"मास्तर आहेत का, काका?"

मास्तर खाली आले. ती म्हणाली, "बाबांना झटका आला. डावी बाजू गेली. ओठ खाली आलाय, डोळा अर्धा मिटलाय." भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट केलं. "हुबेहूब."

मास्तर स्टुलावर बसले.

"डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. त्याचं काय करणार? पण माझी मुलगी, पाच वर्षांची, आजोबांच्या पोटावर डोकं ठेवल्याशिवाय झोपायची नाही. ती आता खोलीत पाऊल टाकत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात हे चित्र पाहिलंय तिने. म्हणते, आजोबांना कंदीलवाल्याने नेलं आणि त्यांच्या पलंगावर हाच येऊन झोपलाय."

"घरातले फोटो दाखवा की," मी म्हणालो.

"दाखवले. म्हणते, हो, हेच आजोबा, यांनाच नेलं त्याने." तिने डोळे पुसले. "बाबा दाराकडे बघत पडून असतात. मास्तर, हे तोंड तुम्ही दिलंत. आता हसरा कंदीलवाला काढा. कोट तोच, कंदील तोच, पण हसणारा, बाबांसारखा. ती एकदा त्यांच्याजवळ जाऊ दे. बाकी माझं काही मागणं नाही."

त्याच दुपारी आम्ही दोघं गेलो. उजेडाची खोली, खिडकीत औषधांच्या बाटल्या, पलंगाशेजारी रिकामी खुर्ची. आम्हाला पाहून त्याची उजवी भिवई वर गेली. जीभ जड झाली होती, पण थट्टा गेली नव्हती.

"मास्तर... आता... बोट नाही लावावं लागत."

मास्तर खुर्चीत बसले, मांडीवर कागद लावलेली पाटी घेतली. "हसा बरं जरा," म्हणाले.

तो हसला. उजवा गाल वर गेला, डोळ्याच्या कडेला सुरकुत्यांचा पंखा उघडला. डावी बाजू लोंबतच राहिली. एका तोंडावर दोन माणसं. त्या वेळी मास्तरांनी त्याला पाहिलं, पहिल्यांदा. चार वाजेपर्यंत पाहिलं. पण कागदावर उतरवली ती उजवीच बाजू.

आमच्या धंद्यात एक सवय असते. चेहरा दोन्हीकडे सारखा हवा असेल तर पारदर्शक कागदावर अर्धाच काढायचा, कागद मधोमध दुमडायचा आणि तीच रेघ दुसऱ्या बाजूला गिरवायची. मास्तरांनी तेच केलं. उजवं हसू डावीकडे नेलं. मी चारही रंग जीव ओतून ओढले. एकच प्रत. कंदीलवाला हसत होता. गालांना खळ्या, डोळ्यांत माया. लेकीने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "थोडे वेगळे वाटतात. पण चालेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही ते घेऊन गेलो. पोरगी आईच्या मागे लपली होती. मास्तरांनी चित्र उलगडलं. तिने आईच्या आडून एका डोळ्याने पाहिलं, मग दोन्ही डोळ्यांनी. मग धावत आली.

"आजोबा! मिळाले!"

पलंगावरून त्याने उजवा हात थोडा उचलला. लेक म्हणाली, "जा ना सोनू, आजोबा बोलावतायत. हे बघ, चित्रातले तेच हे."

पोरीने चित्राकडे पाहिलं. पलंगाकडे पाहिलं. चित्रात कुठंच न लोंबणारा चेहरा, पलंगावर लोंबणारा. तिने चित्र छातीशी धरलं.

"नाही. हे माझे आजोबा. तो यांना परत न्यायला बसलाय."

आणि चित्र घेऊन बाहेरच्या खोलीत पळाली. लेक तिला ओढून आणायला उठली, तसा पलंगावरून आवाज आला, "नको. रडेल."

मग बाहेरून पोरीचा आवाज ऐकू आला. तिने चित्र भिंतीला टेकवून समोर बसकण मारली होती.

"आजोबा, जेवलात का?"

आम्ही तिघं मान खाली घालून बसलो होतो. आणि पलंगावरच्या माणसाने सगळा जीव एकवटून, जड जिभेने, पण मोठ्याने सांगितलं, "हो... जेवलो."

बाहेरून लगेच, "काय जेवलात?"

"तुझा... वाटा."

पोरगी खळखळून हसली. चित्राला म्हणाली, "खोटारडे!" तीन दिवस असं चाललं. ती चित्राशी बोलायची, तो आतून उत्तर द्यायचा. मधे दार उघडंच असायचं, पण ती उंबरा ओलांडत नव्हती आणि तो बोलावत नव्हता. लेक मला म्हणाली, "काका, मी मधे बसते. दोघं मला दिसतात. कुणाच्या तोंडाकडे बघू कळत नाही."

चौथ्या दिवशी सकाळी पोरीने विचारलं, "आजोबा, दूध घेतलंत?" उत्तर आलं नाही. तिने पुन्हा विचारलं, मोठ्याने. मग चित्र उलटं करून त्याच्या मागे पाहिलं.

आम्ही पोचलो तेव्हा पलंगावर चादर घडी घालून ठेवलेली होती. पोरगी उंबऱ्यावर उभी. पहिल्यांदाच एवढी जवळ.

मला म्हणाली, "बघा, घेऊनच गेला."

परतताना मास्तर वाटेत एकदाच बोलले. "चेहरा होता तसाच ठेवायला हवा होता रे. अर्धा वाकडा, अर्धा हसरा. तिने एका बाजूने ओळखलं असतं आणि दुसऱ्या बाजूची सवय झाली असती. मी दुमडलं. मला देखणं हवं होतं."

मीही त्याच देखणेपणावर काळा ओढला होता. आणि खोटं कशाला सांगू, जुन्या पोस्टरची मागणी आली, तेव्हा तेही मीच पुन्हा छापलं. मास्तर खाली आले नाहीत, एवढंच.

आता तुमच्याकडे एक मागणं. लहान पोरीला घाबरवायचं नाही म्हणून तीन दिवस पलंगावर पडून ज्याने कागदाला आपला आवाज उसना दिला, त्या बसवाल्या आजोबांची आठवण ठेवा. आज घरी गेल्यावर देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्यांच्यासाठी दोन शब्द बोला.