श्रेयाचे दोन महिने आणि मी

मी बिजली बोलतेय, पांढरी घोडी. नावावर जाऊ नका. मी आता सावकाशच चालते.

बिडकीनच्या कडुबांकडं माझा जन्म झाला. दहा वर्षं मी नवरदेव मिरवले. मग कडुबांनी मला चिकलठाण्याजवळच्या एका मैदानावर दिलं. तिथं सुदर्शन सर सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना घोड्यावर बसवून व्यायाम देतात. "ही बिचकत नाय," एवढीच शिफारस कडुबांनी केली.

श्रेया सात वर्षांची. तिचे पाय एकमेकांत अडकायचे, पाठ एका बाजूला कलायची. शाळेत तिला पट्ट्यानं बाकाला बांधून बसवत. तो पट्टा तिला मुळीच आवडायचा नाही.

तिची आई मेघा आणि आजी गोजरबाई, म्हणजे मेघाच्या सासूबाई, माझ्यासमोरच भांडायच्या.

"तेलाच्या मालिशीनंच पोर सुधरंल. जनावरावरून पडली म्हंजे?"

"आत्या, धरायला दोघं असतात ना!"

शेवटी सर म्हणाले, "दोन्ही एकदम केलं तर कशाचा गुण आला ते कळणार नाही. नेहमीचा व्यायाम चालूच ठेवा. आधी दोन महिने मालिश, मग दोन महिने बिजली. रोज वहीत लिहा. आजार जाणार नाही, पण तिला सोपं काय जातं ते कळेल."

मालिशीच्या दिवसांत श्रेया मला गाजर द्यायला तेवढी यायची. मेघा सरांना वही वाचून दाखवायची: झोप शांत, पाय मोकळे. पाठ मात्र तशीच.

मग माझी पाळी आली. पहिल्या दिवशी श्रेयानं माझी आयाळ घट्ट धरली आणि रडली. दोन्ही बाजूंनी माणसं होती, तरी तिची भीती मला पाठीवर जाणवत होती. मी पाऊल अगदी जपून टाकलं. माझ्या चालीबरोबर तिची कंबर हलायची आणि ती तोल सावरायला बघायची.

सातव्या आठवड्यात तिनं दोन्ही हात सोडले. "आजी, बघ!"

कुंपणापाशी गोजरबाई उभ्या होत्या. "अगं माय! ताठ बसली की गं!"

पण मालिश बंद असलेल्या याच आठवड्यांत वहीत लिहिलेलं होतं: झोपमोड, सकाळी पाय ताठ. गोजरबाईंनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघ, तेल लागतंच."

"व्हय आत्या, लागतंच," मेघा हसली.

आता रोज मालिश होते आणि आठवड्यातून दोनदा श्रेया माझ्याकडं येते. गेल्या सोमवारी ती वर्गात पट्ट्याशिवाय एक पूर्ण तास बसली. ही बातमी तिनं माझ्या कानात सांगितली, तीही ओरडून.

मी सुखात आहे. चारा वेळेवर मिळतो, पाठीवरचं ओझं हलकं आहे. फक्त एक विनंती. मैदानाच्या फाटकापाशी हॉर्न वाजवू नका. मला त्याचं काही नाही. पण अचानक आवाज झाला की या मुलांचं सगळं अंग आखडतं, आणि माझ्या पाठीवर कुणीतरी नुकतेच हात सोडलेले असतात.