शिवणाऱ्याचा भाव

मी बीबीजानची शिलाई मशीन बोलतेय. पायांनी चालवायची, अंगानं जाडजूड आणि स्वभावानं जराशी कुरकुरी.

बीडच्या आमच्या गल्लीतल्या कितीतरी नवरदेवांचे कपडे माझ्या सुईखालून गेले. पुढे बीबीजानचे गुडघे धरले आणि मी कोपऱ्यात पडले. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. वापर थांबला की माणसं कशाचीही खुंटी करतात.

शेवटी सून शाईस्ताने मला विकण्यासाठी जुन्या वस्तूंच्या ॲपवर टाकायचं ठरवलं. ती सरळ एक भाव लिहिणार होती. पण मुलगा कासम पडला फळांचा व्यापारी, सीताफळांच्या लिलावात वाढलेला. बोलीशिवाय ठरलेला भाव त्याला अळणी लागतो. त्याने लिलावच लावला.

बोली लावणारे दोघंच निघाले. एक जवळच्या पाली गावची तेजश्री, तिला ब्लाऊज शिवून स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं. दुसरा शहरातला हॉटेलवाला. त्याला माझे नुसते लोखंडी पाय हवे होते, वर काच टाकून टेबल करायला. वरचं मुंडकं भंगारात. हे ऐकून माझा पट्टाच सैल पडला.

तेजश्री थोडी चढली आणि थांबली. हॉटेलवाल्याच्या बोलीवर कुणी बोलेना. कासमला ती शांतता सोसवेना. त्याच्या अडतीवर बोली थंडावली की घरचाच कुणी आकडा पुकारून ती तापवतो. सवयीने त्याने आपल्या फोनवरून आकडा वाढवला. हॉटेलवाला गप्प राहिला, वेळ संपली आणि आपलीच मशीन कासमने जिंकली.

शाईस्ता पोट धरून हसली. कासम ओशाळला. हॉटेलवाल्याला त्याच्याच बोलीवर देऊन टाकू, म्हणाला. तेव्हा बीबीजानने तेजश्री कोणत्या आकड्यावर थांबली ते सुनेला विचारून घेतलं.

"कासम, फळ उद्या नासतं म्हणून तुझा लिलाव. ही नासत न्हाई. ती पोरगी जिथं थांबली, तोच माझा भाव हाय."

"लई कमी हाय, अम्मी."

"असू दे. ती शिवणार हाय."

तेजश्री टेम्पो घेऊन आली. रिकामं भांडं कुणाला देऊ नये, तशी रिकामी मशीनही देऊ नये म्हणत बीबीजान माझ्यापुढे बसली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी सुनेला हात लावू न देता तिने सुईत दोरा ओवला. मला फार वाईट वाटलं.

आता मी पालीत असते. तुम्हीही कधी काही विकाल, तेव्हा घेणारा त्याचं काय करणार, एवढं विचारत जा. तेजश्रीने तो दोरा काढला नाही. पालीतली माझी पहिली टीप बीबीजानच्या दोऱ्याची आहे.