बाईंनी इंडिकेटर दिला होता

मित्रांनो, मी एक जुनी चारचाकी गाडी आहे. माझं वय विचारू नका. माझ्या बरोबरीच्या बहुतेक गाड्यांचे आज चमचे आणि खिळे झाले आहेत. मी मात्र अजून चालते. पण एका हिवाळ्यात मी माझ्या मालकिणीवर जे संकट आणलं, ते मी विसरू शकत नाही.

माझी मालकीण सुईण. सगळे तिला बाई म्हणत. कुणाच्या घरी बाळंतपण असलं की बाई पिशवी मागच्या सीटवर टाकायच्या आणि आम्ही निघायचो. अडलेल्या दोघीतिघींना आम्ही वेळेवर दवाखान्यात पोचवलं. एक मुलगी तर माझ्या मागच्या सीटवरच जन्मली. लोक माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणत, "गाडी असावी तर अशी."

बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या मुलाने हौसेने मला नवा रंग दिला. मुलगा शाळेत गणित शिकवतो. हिशेबी, पण आईवर जीव असलेला. मी नव्या नवरीसारखी दिसू लागले. पण रंगवणाऱ्याने घाई केली. माझा मागचा डावा दिवा ज्या स्क्रूने पत्र्याला घट्ट बसतो, त्या जागेवरही त्याने रंग फासला. दिव्यात आलेली वीज तिथूनच पत्र्यात परत जाते. ती वाट बुजली. मला ते कळत होतं, पण सांगणार कसं? मला हॉर्न आहे, तोंड नाही.

त्या सकाळी धुकं होतं. बाईंनी पुढचे-मागचे दिवे लावले होते. बाजाराच्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबून वेग कमी केला, इंडिकेटरची दांडी ओढली, टिकटिक ऐकली आणि डावीकडे वळल्या. माझा पुढचा दिवा उघडमीट करत होता. मागचा ढिम्म. मागून टपालवाला सायकलवर सरळ येत होता. त्याला इशारा दिसलाच नाही. तो माझ्या दारावर आदळला आणि पाय सायकलखाली अडकला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बाईंनी स्वतःच्या ओढणीने त्याचा पाय बांधला.

"तुम्ही इंडिकेटर दिला नाहीत," टपालवाला कण्हत म्हणाला.

"दिला होता रे," बाई म्हणाल्या.

गॅरेजवाल्याने मला तपासलं. बल्ब बदलला, फ्यूज पाहिला, इंडिकेटर लुकलुकवणारी डबीही नवी बसवली. भर दुपारी, बाकीचे दिवे बंद ठेवून त्याने दांडी ओढली. मागचा डावा दिवा लागला. कारण बाकीचे दिवे बंद असले, की वीज शेजारच्या बल्बमधून वळसा घालून कशीबशी वाट काढते. ते दिवे लागले की तीही वाट बंद होते. मी मनात ओरडत होते, "अरे, सगळे दिवे लावून बघ!"

"गाडीत दोष नाही," गॅरेजवाला म्हणाला. "जरा मंद लागतो, पण लागतो. बाई विसरल्या असतील. वय झालं की होतं असं."

त्या दिवसापासून बाई खचत गेल्या. मुलाने किल्ली काढून घेतली. तो रागावला नाही, तेच वाईट होतं. तो लहान मुलाशी बोलावं तसं आईशी बोलू लागला. बाई रोज शेडमध्ये येऊन माझ्यात बसत. दांडी ओढत, सोडत, पुन्हा ओढत. मग आपल्या हातून जन्मलेल्या मुलांची नावं पुटपुटत. एखादं नाव अडलं की स्टिअरिंगवर कपाळ टेकत. एकदा त्या माझ्यातून उतरून तीनदा घरात परत गेल्या, कारण गॅस बंद केला की नाही याची त्यांना खात्री नव्हती. शेवटी एके दिवशी त्या हळूच म्हणाल्या, "नसेलच दिला मी."

मित्रांनो, त्यांनी दांडी ओढल्याची साक्षीदार मी एकटी होते. आणि मी मुकी.

मुलाने मला भंगारात काढायचं ठरवलं. बाईंनी नाही म्हटलं नाही. भंगारवाली आली. अंगाने धिप्पाड, हाताला तेल, कानाला पेन्सिल. माझे कुठले भाग विकण्याजोगे आहेत ते तिला बघायचं होतं. तिने सगळे दिवे एकदम लावले आणि मुलाला म्हणाली, "भाऊ, ब्रेक दाबा. आता डावा इंडिकेटर द्या."

ती मागे वाकली. "मागचा डावा लागत नाही."

बाई दारात उभ्या होत्या. "काय म्हणालात?"

भंगारवालीने मुलाकडून दिवे बंद करवून पुन्हा लावून घेतले. "दिवे लावले की मरतोय हा. बंद केले की लागतो. थांबा." तिने एक तार घेतली, एक टोक दिव्याच्या खोक्याला लावलं, दुसरं चाकावरच्या उघड्या पत्र्याला. माझा दिवा भक्कन उजळला आणि लुकलुकू लागला. "बघा. विजेला परतीची वाटच नव्हती. स्क्रूखाली रंग भरलाय."

बाई उंबऱ्यावरच बसल्या. "त्या दिवशी धुकं होतं," त्या म्हणाल्या. "दिवे लावले होते मी."

मुलगा बराच वेळ ब्रेकवरचा पाय काढायला विसरला. मग खाली उतरून आईशेजारी बसला. "मी एकदाही दिवे लावून बघितलं नाही गं," तो म्हणाला. भंगारवालीने कुणी न सांगता रंग खरवडला, स्क्रू आवळला आणि मला न नेता निघून गेली.

त्याच आठवड्यात बाई मला घेऊन टपालवाल्याकडे गेल्या. तो कुबडी घेऊन बाहेर आला. त्याचा गुडघा आता पुरता वाकत नाही. टपाल वाटणं सुटलं, कार्यालयात पत्रं निवडतो.

"इंडिकेटर मी दिला होता," बाई म्हणाल्या. "दिवा लागला नाही. पण गाडी माझी होती. बघायला हवं होतं मीच."

तो म्हणाला, "मी गावभर सांगत सुटलो, बाईंना आता आठवत नाही म्हणून." कुबडी टेकत तो माझ्यामागे जाऊन उभा राहिला. "लावा बघू. सगळे दिवे लावून."

मी जिवाच्या आकांताने लुकलुकले.

"दिसतोय," तो म्हणाला.

बाई आता पुन्हा मला चालवतात. पण डाव्या वळणाआधी गाडी कडेला घेतात, खाली उतरतात, मागचा दिवा बघून येतात. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात. त्यांचा तो धसका कुणाला खरवडून काढता आलेला नाही.

म्हणून एवढंच मागणं आहे, मित्रांनो. यंत्र बिघडलं, तर ते ज्या वेळी, ज्या कामात बिघडलं, तसंच चालवून तपासा. आणि एखादं म्हातारं माणूस "मी केलं होतं" म्हणालं, तर त्याच्या वयाकडे बोट दाखवण्याआधी एकदा वाकून मागचा दिवा बघा.