टाचेचा आकडा

टाळ्या थांबेचनात. बंद पडलेल्या तांदळाच्या दुकानात चाळीस म्हाताऱ्या घडीच्या खुर्च्यांवर दाटीनं बसल्या होत्या आणि यंत्राच्या पडद्यावर तोमे आजीच्या टाचेच्या हाडाच्या बळकटीचा आकडा चढला होता. महिन्यापूर्वी एकसष्ट, आज बाहत्तर. एक्याऐंशी वर्षांच्या बाईचं हाड नागासेनं विकलेल्या तीस पुड्या पिऊन तरणं झालं म्हणे.

"हाड म्हणजे शेत," नागासे सांगत होता. गुळगुळीत दाढी, पांढरा कोट. डॉक्टर नव्हे, पण कोटाला कोण विचारतो? "इस्पितळवाले मोडलेल्या हाडात नुसती माती भरतात. नुसत्या मातीत भात उगवतो का, आई? माझ्या पुडीत बी आहे. हाड वाढवणारं प्रथिन. शास्त्रज्ञ ते अजून उंदरांना टोचत बसलेत. तुम्ही कशाला थांबायचं?"

चाळीसजणींना तो आईच म्हणायचा. ज्यांच्या पोटची पोरं तोक्योहून वर्षाला एक फोन करतात, त्यांना ते पुरत होतं.

तोमे आजीनं प्लास्टरमधला डावा हात उंचावला आणि जाहीर केलं, गुरुवारचं ऑपरेशन मी रद्द करतेय.

मागं तिची लेक सुमिए उभी होती. आठ दिवसांपूर्वी आई दारातल्या बर्फावर घसरली, मनगट मोडलं. डॉक्टरांनी फोटो दाखवला होता: हाड शिळ्या पावासारखं चेपलेलं, आत पोकळी. ते उचलून पोकळीत कृत्रिम हाड भरायचं, वर धातूची पट्टी बसवायची. उशीर केला तर मनगट वाकडंच जुळेल, भाताचा वाडगाही धरता येणार नाही. प्रथिनाचंही सुमिएनं विचारलं होतं. ते खरं आहे, डॉक्टर म्हणाले होते, पण ते त्या कृत्रिम हाडात मिसळून नेमकं मोडल्या जागी ठेवावं लागतं, आणि अशा मनगटांसाठी त्याच्या चाचण्या अजून चालू आहेत. पिऊन काय उपयोग? पोट ते अंड्यासारखं पचवून टाकतं.

"हाड एवढं सुधारलं, तर मोडलं कसं?" सुमिएनं मागून विचारलं.

"पुडी नसती तर पीठ झालं असतं," नागासे म्हणाला. म्हाताऱ्या खो खो हसल्या.

सुमिएला एका जागी उभं राहवेना. फरशी बर्फासारखी होती. चपला दारातच काढलेल्या, आणि स्टोव्ह आज नेमका बिघडलेला. महिन्यापूर्वी इथं कसं ऊबदार होतं. टाच मोजण्याआधी नागासेनं प्रत्येकीचे पाय गरम पाण्याच्या घंगाळात बुडवून स्वतःच्या हातानं पुसले होते. आई तेव्हा रडली होती.

आज घंगाळं कुठं होती?

ती वाकली आणि आईचं पाऊल हातात घेतलं. गार मासा. सुमिए गरम झऱ्याच्या स्नानगृहात वीस वर्षं राबत होती. तिच्या हाताला हा गारठा कळायला वेळ लागला नाही. ती तशीच धावत गेली आणि स्नानगृहातून वाफाळती बादली घेऊन आली.

"आईचे पाय शेकते. मग परत मोजा."

नागासेनं घड्याळाकडे पाहिलं, पुढच्या गावी जायचंय म्हणाला आणि यंत्राची वायर गुंडाळायला लागला. चाळीसजणींतल्या कात्सु आजीनं आपली चाकांची ढकलगाडी दारात आडवी लावली.

"बस की लेकरा. पाहुण्यासाठी जपून ठेवलेली लोणच्याची बरणी उघडायच्या आत कोण उठतं?"

सुमिएनं वीस मिनिटं आईचे पाय बादलीत शेकले. मग टाच यंत्रात गेली.

बासष्ट.

"एका तासात दहा गेले?" कात्सु आजी म्हणाली. "बी उकडलं वाटतं."

सुमिएनं सगळ्यांना सांगितलं. हे यंत्र टाचेतून आवाज पाठवतं. टाच गरम असली की आवाज हळू जातो, आकडा पडतो. गार असली की जोरात जातो, आकडा चढतो. पंचायतीची नर्स असलंच यंत्र घेऊन स्नानगृहात येते आणि आधी दम देते, अंघोळ करून टाच ठेवू नका. नागासेनं पहिल्यांदा पाय शेकले, आज गारठवले. हाड होतं तिथंच आहे.

नागासे ढकलगाडीवरून टांग टाकून गेला. बूट हातातच राहिले.

तोमे आजी मात्र लेकीवर उखडली. "त्यानं माझे पाय पुसले. तू गावभरच्या बायकांचे हौद घासतेस. माझ्या पायाला कधी हात लावलास?"

सुमिए खाली बसली आणि आईचे पाय पुसू लागली. मग म्हातारीनं विचारलं, "गुरुवारी किती वाजता निघायचं?"

आता वाचणाऱ्यांनो, तुमच्या गल्लीतही असा कोट घातलेला कुणी आज आकडा चढवून दाखवत असेल. त्यानं खऱ्या शास्त्रातलाच एखादा शब्द चोरलेला असेल, म्हणून तो खरा वाटेल. विकणाराच मोजत असेल तर ते माप मानू नका. दुसऱ्याकडून मोजून घ्या. आधी काय केलं, नंतर काय बदललं, ते तोंडावर विचारा. आणि घरातल्या म्हातारीला मूर्ख म्हणण्याआधी स्वतःला विचारा, तिच्याशी शेवटचं कधी बोललात? तुमची रिकामी जागा हेरूनच हा चोर आत शिरतो.