ठकी-बुधीचं लगीन

आमच्या पाड्यावर लगीन लावायचं तर ते मीच. भटजी इथे कधी आला नाही, त्याची गरजही पडली नाही. मी धवलेरी. भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या चौकापुढे बसून मी गाणं म्हटलं की लगीन लागलं. पासष्ट जोडपी मी बांधली. त्यातली कित्येक तर नातवंडं मांडीवर घेऊन चौकापुढे बसली. आमच्यात आधी एका घरात राहतात, मग पाड्याला जेवण घालायची ऐपत आली की लगीन. त्यात लाज कसली?

ठकी आणि बुधीही अशाच एका घरात राहिल्या. वीस-बावीस वर्षं. साखरशेतच्या वरच्या उतारावर, जंगलच्या गार्डाची नजर चुकवत, दोघींनी नागली पिकवली. दहा वर्षांमागे ठकी माझ्या अंगणात आली होती. म्हणाली, "काकी, आमचं लगीन लावशील?"

मी हसले. "नवरा कोण, नवरी कोण, ते तरी ठरवा आधी!"

ती उठून गेली. पुन्हा तिने विषय काढला नाही, मीही नाही.

मग दोन हजार नऊ साल आलं. जंगलातली कसलेली जमीन कसणाऱ्याच्या नावावर होणार, नवरा-बायको असले तर दोघांच्या, असा कायदा झाला होता. अर्ज भरायला शाळेच्या ओट्यावर समिती बसली. लिहायला आमचाच मुकेश. म्हाताऱ्या माणसाची साक्ष पुराव्याला चालते, म्हणून मला पुढे बसवलं. नसतं बसवलं तरी मी बसलेच असते.

ठकीची पाळी आली. उन्हाळ्यापासून तिला छातीचं दुखणं. बुधीच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"पती-पत्नीचं नाव?" मुकेशने विचारलं.

"बुधी," ठकी म्हणाली.

ओट्यावर हशा झाला. तिचा पुतण्या तुका पुढे आला. "आत्या एकटीच आहे. रिकामं ठेव ते. तिच्यामागे मी आहेच." ठकीचे डोळे मिटले की बुधीला त्याच दिवशी उतारावरून खाली हाकलणार, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. ते वाचायला शाळा लागत नाही.

मुकेश भला पोरगा. हळूच म्हणाला, "मावशी, बहीण लिहू का?"

"बहिणी मला चार आहेत," बुधी म्हणाली. "त्यातली ही नाही."

मुकेश मुंबईच्या कामावर जाऊन आलेला, टीव्ही बघणारा. "दिल्लीच्या कोर्टाने यंदा सांगितलं, अशांना गुन्हेगार धरू नका. पण लगीन नाही दिलं. कायद्यात बाईचं बाईशी लगीन नाही. आजी, तूच सांग, तू तरी लावलंस का यांचं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हो म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं? पण न लावलेलं लगीन लावलं म्हटलं, तर बाकीच्या पासष्टांची काय किंमत?

"नाही लावलं," मी म्हटलं.

तुका हसला.

"दात मीट. लक्ष्याचं नि माघीचं तरी मी कुठे लावलंय? त्यांच्या पोराला मिशा फुटल्या. मुकेश, त्यांना आत्ता नवरा-बायको लिहिलंस. कशावरून?"

"पाड्याला ठाऊक आहे म्हणून."

"मग या दोघींचं पाड्याला ठाऊक नाही? बुधीला ताप भरला तेव्हा डोलीला खांदा देऊन खोडाळ्याच्या दवाखान्यात कोण गेलं? ठकीच ना? तू कुठे होतास रे तुका?"

तुका गर्दीत मागे सरकला.

"पण आजी, कायदा..." मुकेश म्हणाला.

"कायद्यात ही जमीन तरी आपली होती का? आपण कसत राहिलो, कायदा मागून आला."

मुकेश पेन फिरवत बसला. "मी लिहितो. पण वर खोडतील."

"खोडू देत. खोडायला आधी लिहिलेलं लागतं."

त्याने लिहिलं. खाली साक्षीला मी सही केली. दुसरीपर्यंत शिकलेय, अंगठा देत नाही.

निघताना ठकी माझ्या पायाशी वाकायला लागली. "वाकू नको, छातीत कळ येईल," मी म्हटलं. "चूक माझीच. नागलीची झोडणी झाली की चौक काढून घ्या. उशीर नको. धवलेरीचा नवरा जिवंत लागतो, आणि आमचा म्हातारा ढवळू परवापासून खोकतोय."

ठकी पहिल्यांदाच हसली. "पण काकी, नवरा कोण, नवरी कोण, ते अजून ठरलं नाही."

"ते मी गाण्यात बघते."

घरी गेले आणि आधी ढवळूला काढा पाजला.